पेरते व्हा, पण आधी ऐकते व्हा!

होळी झाली की बहुतेक पक्षीनिरीक्षकांच्या दुर्बिणी कपाटात जातात. उजनीवरचे पट्टकादंब हिमालयापलीकडे परतलेले असतात, धोबी निघून गेलेले असतात, डोंगर करपलेला असतो आणि पारा चाळिशीला टेकलेला असतो. अशा वेळी रानात कोण जाईल?

जाणाऱ्यांनी जावं. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा ते मृगाचा पहिला पाऊस, एवढ्या अवधीत सह्याद्रीतल्या रानात जेवढ्या भानगडी होतात तेवढ्या अख्ख्या हिवाळ्यात होत नाहीत. प्रियाराधन, घरबांधणी, फसवणूक, वेषांतर, चोऱ्या, सगळं एकाच वेळी चालू. कारण अगदी व्यवहारी आहे. पाऊस पडला की पालवी फुटते, पालवीवर अळ्या येतात आणि अळ्या म्हणजे पिल्लांचा खुराक. म्हणून ढग येण्याआधी घर बांधून तयार हवं. हिवाळी पाहुणे इथे खायला येतात. संसार मात्र उन्हाळ्यात थाटले जातात.

गजर बंद होत नाही

पावशाला माणसाच्या झोपेची कदर नाही. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी त्याची हाक प्रत्येक वेळी एक पट्टी वर चढते, पाच-सहा वेळा चढून टोकाला गेली की गप्प, आणि थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरू. दिवसा तर होतंच, चांदण्या रात्रीही होतं. आपल्या शेतकऱ्याला त्यात पेरणीचा निरोप ऐकू आला, हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ ऐकू आलं, आणि उकाड्याने जेरीस आलेल्या इंग्रज साहेबाला ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं. ज्याच्या डोक्यात जे, ते त्याच्या कानात.

पावशा दिसतो मात्र शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा. पाठ राखाडी, छातीवर पट्टे, उडायची ढबसुद्धा तीच. तो झाडावर येऊन बसला की लहान पाखरांची घाबरगुंडी उडते. हे सोंग त्याला धंद्यात उपयोगी पडतं, कारण धंदा दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालण्याचा आहे.

बिचारे सातभाई

अंडं कुणाच्या घरट्यात? सातभाईंच्या. हे मातकट रंगाचे पक्षी टोळीने पालापाचोळा उलथत, एकमेकांवर कलकलाट करत हिंडतात. एका जोडप्याची पिल्लं वाढवायला टोळीतले काका, आत्या, थोरली भावंडं असे सगळे राबतात. एवढं एकत्र कुटुंब असूनही घरात परका शिरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही! सातभाईंची अंडी निळी, पावशाचंही निळंच.

पावशा पुरेसा नव्हता म्हणून की काय, चातकानेही हेच घर निवडलंय. त्याचंही अंडं निळं. हा काळा-पांढरा, डोक्यावर तुरा मिरवणारा पक्षी मेअखेरीस-जूनमध्ये नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतो. चोच वर करून फक्त पावसाचे थेंब पितो ही कवींची चातकावर लादलेली तपश्चर्या. प्रत्यक्षात त्याला केसाळ सुरवंट प्रिय आहेत. बाकीचे पक्षी ज्या खाजऱ्या अळीला तोंड लावत नाहीत, ती कोकीळ कुळातले पक्षी बिनदिक्कत गिळतात.

खुद्द कोकीळ कावळ्याला गंडवतो हे सर्वांना माहीत असतं. कमी माहिती आहे ती पुढची गोष्ट. नर कावळ्यांना चिडवून आपल्यामागे पळवतो आणि तेवढ्यात मादी घरट्यात जाऊन काम उरकते. ओरडणाराही तोच, काळाकुळकुळीत नर. मादी ठिपक्याठिपक्यांची, लपूनछपून वावरणारी. आणि याच कुळातला भारद्वाज? तो मात्र स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, अंडी स्वतः उबवतो. एखाद्या घराण्यात एक तरी सरळमार्गी निघतोच.

नऊ रंग, शेपूट जेमतेम

मेच्या मध्यावर दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून एक पाहुणा कोकणातल्या आणि घाटपायथ्याच्या रानात येतो. नवरंग. हिरवी पाठ, निळे खांदे, पिवळसर पोट, बुडाशी शेंदरी, डोळ्यावर काळा पट्टा. एवढं रंगकाम करूनही तो दिसणं मुश्कील, कारण सगळा वेळ जमिनीवर, सावलीत, पाचोळा उडवत गांडुळं शोधण्यात जातो. तमिळमध्ये त्याला ‘सहाचा पक्षी’ अशा अर्थाचं नाव आहे. पहाटे आणि संध्याकाळी साधारण सहाच्या सुमारास तो मान मागे टाकून दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य किंवा मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान इथे मेअखेरीस ती शीळ ऐकू येते. प्रवासात दमलेला नवरंग कधीकधी थेट शहरातल्या बाल्कनीत उतरतो. अशा वेळी त्याला खोक्यात शांत, अंधाऱ्या जागी ठेवून वनखात्याला किंवा पक्षिमित्रांना कळवावं. दूध-भात भरवायला जाऊ नये.

कोण ओरडलं? बहुतेक भृंगराज

उन्हाळी रानात डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. पण कानांवर विश्वास ठेवायचा तर भृंगराजापासून सावध राहायला हवं. शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे गोंडे असलेला हा काळा पक्षी पट्टीचा नकलाकार आहे. सर्पगरुडाची किंकाळी, शिक्र्याची हाक, इतर पाखरांच्या धोक्याच्या आरोळ्या, सगळं त्याला येतं. धोक्याची आरोळी तर तो चोरीसाठीही वापरतो. घाबरलेलं पाखरू तोंडातला किडा टाकून पळतं, किडा भृंगराजाचा.

त्याचाच चुलतभाऊ म्हणजे आपला साधा कोतवाल. हुद्दा नुसता नावापुरता नाही. आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीला तो टोचून टोचून हाकलतो. म्हणून हळद्या, कवडे असे नेमस्त पक्षी त्याच्याच झाडावर किंवा शेजारी घरटी बांधतात. पोलीस चौकीशेजारी घर, तेही फुकट.

माथेरान, महाबळेश्वर किंवा आंबोलीत पहाटे कुणी रस्त्याने रमतगमत शीळ घालत चाललंय असं वाटलं तर बाहेर जाऊन बघू नका, कुणी दिसणार नाही. तो शीळकरी कस्तूर. इंग्रजांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हटलं, आणि ते पटतं. कारण सूर माणसासारखे असतात, पण चाल मध्येच विसरल्यासारखी भरकटते. काळपट निळा रंग, खांद्यावर चकाकणारा निळा डाग. घरटं ओढ्याकाठच्या कपारीत, बऱ्याचदा धबधब्याच्या अगदी लगत. उन्हाळ्यात कोरडी असलेली जागा तो बरोबर हेरतो आणि पाऊस सुरू झाला की शेजारी पाणी कोसळायला लागतं.

रात्रीची पाळी रातव्याची. टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर सोडून दिला की आधी टप्पे लांब लांब पडतात आणि मग भरभर जवळ येतात, तशी साध्या रातव्याची हाक. दिवसा हा पक्षी पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो. घरटं बांधायची भानगडच नाही. अंडी थेट जमिनीवर. उन्हाळ्यात डोंगरावर वाट सोडून भटकू नये ते यासाठी.

स्वतःला चिणून घेणारी

धनेशाची मादी वडासारख्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा, फळांचा गर यांनी दार लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट उरते. मग नर महिनोन्‌महिने त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. गळ्यात साठवून आणलेली उंबरं एकेक करून वर काढतो आणि देतो. आत मादीची उडण्याची पिसं झडून नवी येतात, म्हणजे ठरवलं तरी ती उडू शकत नाही. उन्हाळा सरता सरता दार फुटतं. कोकणातल्या देवराया टिकल्या म्हणून हे नाटक अजून चालू आहे, कारण एवढी मोठी ढोली तरण्या झाडाला नसते.

धनेशाचं मुंबईशी एक जुनं नातं आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात 1894 ते 1920 अशी 26 वर्षं एक महाधनेश राहत होता. नाव विल्यम. तो कारवारहून पिल्लू म्हणून आला होता आणि फेकलेला चेंडू चोचीत झेलायचा. आज सोसायटीच्या बोधचिन्हावर महाधनेश आहे, आणि फोर्टातल्या तिच्या इमारतीचं नाव ‘हॉर्नबिल हाऊस’. कार्यालयात इतकी वर्षं इमानेइतबारे हजर राहिलेल्या कर्मचाऱ्याला एवढा मान मिळणं रास्तच आहे.

चोरीला गेलेलं घुबड

ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती घडली आपल्या सातपुड्यात.

रानपिंगळा हे मूठभर आकाराचं घुबड. 1873 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, 1884 मध्ये शेवटचा नमुना मिळाला आणि नंतर तो गायब. फक्त एक अपवाद. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाचे एक नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षितज्ज्ञ म्हणाले, मला 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मिळालाय, हा बघा नमुना. लोकांनी मान डोलावली आणि शोध त्या पत्त्यावर भरकटत राहिला.

पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले पेंढा भरलेले नमुने बारकाईने तपासले. साहेबांचा नमुना उसवून पुन्हा शिवलेला निघाला. तो मुळात जेम्स डेव्हिडसन या खानदेशात नेमणुकीवर असलेल्या सनदी अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात गोळा केलेला होता. माइनर्ट्झहागन यांनी तो संग्रहालयातून लांबवला, नव्याने भरला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली! शिवणीवरून पकडलेला चोर पक्षिशास्त्रात दुसरा नसावा.

खोटा पत्ता बाद झाल्यावर खरे पत्ते उरले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी त्या जुन्या जागा धुंडाळायला घेतल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या सागाच्या रानात रानपिंगळा भर दिवसा फांदीवर बसलेला सापडला. तब्बल 113 वर्षांनी. नंतर तो मेळघाटातही भेटला, आणि 2014 मध्ये तर मुंबईच्या उशाशी, तानसा अभयारण्यात.

गंमत म्हणजे हा लपणारा पक्षीच नाही. दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो. आणि सागाची पानं गळून रान उघडं पडतं ते नेमकं उन्हाळ्यात. तेव्हा मेळघाटात ‘उन्हाळ्यात काय बघायचं’ असं कुणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट ऐकवा.

घाम येत नाही, तरी भागवतात

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. म्हणून दुपारी कावळे-साळुंक्या चोच उघडी टाकून, गळ्याची कातडी थरथरवत बसतात. तोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि अंग थंड राहतं. टिटवीची युक्ती आणखी वरची. तिची चार अंडी उघड्या माळावर, खड्यांमध्ये खड्यांसारखी पडलेली. ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं चिंब भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं, हे गणित उन्हाळ्यात उलटं होतं.

सकाळी नऊनंतर रान गप्प होतं, तेव्हा पाणवठा गाठावा. आडोसा घेऊन तासभर गुमान बसलं की बुलबुल, नाचण, कस्तूर आळीपाळीने आंघोळीला येतात. वनखात्यालाही हे ठाऊक आहे, म्हणून तर मे महिन्यातल्या बुद्धपौर्णिमेला, चंद्रप्रकाशात, मचाणांवर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची मोजणी होते. पाणी आटलेलं असतं, उरलेल्या पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं.

रानमेव्याचे हक्कदार

करवंदांना रस्त्यावरची आरोळी ‘डोंगरची काळी मैना’ म्हणते. खऱ्या मैना, बुलबुल आणि कोकीळ तिच्यावर तुटून पडतात आणि बिया डोंगरभर पेरतात. वड-उंबर पिकला की हरियालांचा थवा उतरतो. हरियाल म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हिरव्या-पिवळ्या रंगाचं कबुतर. तो जमिनीला पाय लावत नाही असं लोक म्हणतात. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, एवढं मात्र खरं. पानांत तो इतका मिसळतो की झाडाखाली उभं राहून आपण ‘झाड रिकामं आहे’ म्हणतो आणि टाळी वाजताच पन्नास पक्षी उडतात. (टाळी वाजवू नका. थांबा, फळं टपटप पडायला लागतील, मग वर बघा.)

भीमाशंकरला गेलात तर त्याच झाडावर राज्यप्राणीही सापडेल. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंत झेप घेतं आणि एकाच वेळी अनेक घरटी बांधून ठेवतं, तीही टोकाच्या बारीक फांद्यांवर, जिथे जड शत्रूचं वजन पेलणार नाही. खाली वाटेवर जांभळा तामण फुललेला असेल तर तो राज्यपुष्प, आंबा राज्यवृक्ष, आणि काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं मोठं फुलपाखरू गेलं तर ते नीलवंत. 2015 मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला, आणि असं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. एका सकाळच्या फेरीत अख्खं मंत्रिमंडळ भेटू शकतं.

फितीवाला आणि त्याचे पाठलागकर्ते

स्वर्गीय नर्तकाचा नर पांढराशुभ्र, डोकं काळं, आणि शेपटीत अंगाहून लांब अशा दोन फिती. काही नर तांबूसही असतात. एवढा शेपटीचा तोरा असूनही तो अंडी उबवायला मादीच्या बरोबरीने बसतो. वाटीएवढ्या घरट्यातून फिती बाहेर लोंबत राहतात. पुण्याजवळच्या सिंहगडाच्या दरीत ओढ्याकाठी मेमध्ये तो हमखास दिसतो.

आणि त्याच्यामागे कॅमेरेवालेही हमखास दिसतात. इथे मला थोडं खडूस व्हायचंय. घरट्यासमोर तिवई लावून बसणं, ‘फ्रेम’ स्वच्छ यावी म्हणून आडव्या डहाळ्या छाटणं, मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवून त्याला बाहेर काढणं, हे पक्षीनिरीक्षण नव्हे. छाटलेली डहाळी म्हणजे पिल्लांची सावली आणि आडोसा. रेकॉर्ड केलेली शीळ म्हणजे त्या नराच्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी. तो चारा आणायचं सोडून भांडायला धावतो. आवाज ओळखणारी मर्लिनसारखी अ‍ॅप जरूर वापरा, मीही वापरतो. पण फोनने ऐकायचं, बोलायचं नाही.

थंड दिवे आणि एक जुनी अफवा

रोहिणी नक्षत्र लागलं, वळवाचे दोन शिडकावे झाले की भंडारदरा, राजमाची, भीमाशंकर आणि अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीच्या रानात काजवे पेटतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं उघडमीट करतात. काजवा हा भुंगेऱ्यांच्या जातीचा. पोटात ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उजेड पडतो, उष्णता जवळपास शून्य. उडत लुकलुकणारे बहुतेक नर. मादी खालून उत्तर देते. त्या संभाषणात आपल्या गाडीचे दिवे पडले की निरोप पोचत नाही. त्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन मोठ्या होतात, म्हणजे हे तेजस्वी प्रेमिक लहानपणी पक्के मांसाहारी असतात.

सुगरणीच्या घरट्यात काजवे चिखलाने चिकटवून दिवाबत्ती केलेली असते, अशी जुनी समजूत आहे. चिखलाचे गोळे खरोखरच सापडतात. काजव्यांचा मात्र पत्ता नसतो. ते घरटं विणतो नर, सुमारे 500 खेपा करून. अर्धं विणून झालं की माद्या पाहणीला येतात. पसंत पडलं तर जोडी जमते आणि काम पूर्ण होतं. मग नर शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हा बहुपत्नीत्वाचा कारभार सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला बसून उलगडला. भल्या मोठ्या मोहिमा काढाव्या लागल्या नाहीत, घराजवळची घरटी पुरली.

कावळ्याची वेधशाळा

कावळ्याने आंबा, करंज अशा भरदार झाडावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर ओढ, असं गावोगावी मानतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही वैशाखातल्या काकगृहावरून सुकाळ-दुष्काळ सांगितलाय, म्हणजे हा अंदाज किमान दीड हजार वर्षं जुना. मुंबईचा कावळा मात्र घरट्यात लोखंडी तारा विणतो. त्यावरून काय भाकीत करायचं ते ग्रंथात नाही.

शेवटी एक पंगत

पहिला दमदार पाऊस पडला की संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. मग रानात पंगत बसते. कोतवाल, बुलबुल, वेडे राघू, रातवे, वटवाघळं, बेडूक, पाली, झाडून सगळे. वर्षभर किडे खाणारे आणि एरवी फळं खाणारे असा भेद त्या संध्याकाळी राहत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ओल्या मातीवर लाल मखमलीचा एक ठिपका चालताना दिसतो. मृगाचा किडा. लहानपणी काडेपेटीत ठेवलेला असेल तर आता जमिनीवरच राहू द्या आणि वाकून त्याचे पाय मोजा. आठ भरतील. किड्यांना असतात सहा. हा कोळी-विंचवांच्या गोतावळ्यातला. वर्षातला बराच काळ जमिनीखाली काढतो आणि वर येतो तो खायला आणि जोडीदार गाठायला, तेवढे थोडे दिवस.